हातचा

जुलैत वाल्दिव्हियात सगळ्या कपड्यांना
चुलीतल्या लाकडाचा वास येतो,
विद्यार्थ्यांच्या पांढऱ्या कोटांनाही.
नदीकाठच्या मासळीबाजारातली समुद्रसिंहांची भांडणं
तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतात
आणि आमची राऊंड निघते:
मी, तीन विद्यार्थी,
आणि या सत्रापासून एक टॅबलेट.
कॉलेजनं तिला नाव दिलेलं नाही. मिल्यारायनं दिलंय.
ती तिला मावशी म्हणते,
इथे बालवाडीतल्या बाईंना म्हणतात तशी.

माझा नियम एकच.
आधी कागदावर तुमचं उत्तर, पेननं,
मग मावशीला विचारा.
पहिला आठवडा पाळतात.
तिसऱ्या आठवड्यात कागदावरची उत्तरं
फार सुबक यायला लागतात,
आणि मी समजायचं ते समजते.

खाट अकरा. डॉन एलेउतेरिओ वाइकिमिल.
जन्मभर होड्या बांधल्या. आता मणक्यात जंतू.
व्हॅन्कोमायसिन, दिवस दुसरा.
"क्रिएटिनिन शून्य पूर्णांक पाच,"
मिल्याराय वाचते, "मूत्रपिंडं पोराटकीसारखी.
मावशीचंही तेच मत."
डोस दणदणीत.
खाली सही. माझी. कालची.

म्हातारा छताकडे बघत म्हणाला,
"पोरी, डावीकडचं ब्लँकेट जरा खोच.
सारखं घसरतं.
अडायला तिथे काही नाही ना."

आम्ही चौघं बघत राहिलो
त्या सपाट जागेकडे.
गुडघ्याच्या वरपासून
काहीच नव्हतं तिथे, नऊ वर्षं.
साखरेनं नेला होता पाय.
तीन सकाळी मी या खाटेपाशी उभी राहिले होते,
त्याच बाजूला,
चष्मा पुसत.

स्नायूच नाहीत, तर रक्तात क्रिएटिनिन येणार कुठून?
आकडा कमी होता
तो मूत्रपिंडाच्या जोमामुळे नव्हे.
हे मी दरवर्षी शिकवते. त्याची माझी स्लाइडसुद्धा आहे,
निळ्या रंगाची.

"मावशी चुकली," मागून कुणीतरी म्हणालं,
बहुतेक फाकुंदो, थोडा खुशीत.
मी पडदा वर सरकवला.
चुकली नव्हती.
सातवा प्रश्न तिनं विचारला होता:
कोणता अवयव काढलेला आहे का?
हो. नाही. वगळा.
मिल्यारायनं वगळा दाबलं होतं, सात वाजून चार मिनिटांनी,
बस चुकू नये म्हणून.
आणि माझी सही
पान न सरकवता केलेली होती.

तिसरीत बाई म्हणायच्या, हातचा विसरलीस.
एक बोट दुमडून धर म्हणायच्या,
बेरीज संपेपर्यंत सोडू नकोस.

मिल्यारायनं "हो" दाबलं.
मावशीनं निमिषात नवा आकडा दिला,
जुन्याच्या निम्म्याहून थोडा वर.
ना ओशाळली, ना अडखळली.
मला तिचा हेवा वाटला,
आणि लगेच भीती वाटली त्या हेव्याची.
पोरीचा हात मात्र
पुढची तीन खाटं थरथरत होता.

संध्याकाळी रक्तातली पातळी आली. चढलेली,
पण फार नाही. या वेळी निभावलं.
सलाइनच्या खोक्यांमागे ती रडत होती.
समजूत घालायला माझ्याकडे शब्द नव्हते.
मी तिला माझी सही दाखवली.
तिनं नाक पुसलं, बराच वेळ सही बघितली,
म्हणाली, "तुमचा 'र' कळत नाही."

मूल्यमापनाच्या फॉर्मवर रकाना आहे:
यंत्राचा वापर, एक ते सात.
तो अजून रिकामा आहे.
माझ्यासाठी रकानाच नाही.

दुसऱ्या दिवशी ती एकटी लवकर आली होती.
टॅबलेट खिडकीत, पालथी.
खाट अकरापाशी उभी राहून विचारत होती,
"ब्लँकेट काढू का, डॉन एलेउतेरिओ?"
"काढ," तो म्हणाला,
"पण मोजताना मोठ्यानं मोज.
मलाही कधीकधी
दोन वाटतात."